तुळस का काळी पडली?

मुलांनो, या आठवड्यात खरं तर धूमकेतूंबद्दल लिहायचं ठरवलं होतं. दोन पानं खरडूनही झाली होती. तेवढ्यात हडपसरहून एक पत्र आलं. ते वाचलं आणि धूमकेतूंना म्हटलं, बाबांनो, तुम्ही एरवी पन्नास-पन्नास, शंभर-शंभर वर्षांनी येता, तेव्हा आणखी एक आठवडा थांबायला तुमची हरकत नसावी!

पत्र सातवीतल्या एका मुलीचं आहे. ‘माझं नाव छापू नका’ असं तिनं वर लाल शाईत लिहिलंय, म्हणून छापत नाही. ती लिहिते :

‘काका, आमच्या आजीची तुळस मी मारली असं मला वाटतं. दिवाळीत आमच्या गॅलरीला रंग द्यायचा होता, तेव्हापासून कुंडी स्वयंपाकघरात ओट्याजवळ ठेवली होती. तुळस छान हिरवीगार होती. डिसेंबरमध्ये एका शनिवारी मी ती ऊन मिळावं म्हणून गच्चीवर नेली आणि खाली आणायची विसरले. तीन रात्री ती वरच राहिली. त्या दिवसांत पेपरात शिवाजीनगरला ९ अंश असं आलं होतं. मंगळवारी सकाळी वर गेले तर शेंड्याची पानं काळी पडून लोंबत होती. आजी मला काहीच बोलली नाही. फक्त म्हणाली, आमच्या निफाडला अशी थंडी पडली की द्राक्षाच्या बागेत शेकोट्या पेटवायचे. मग मला आणखीनच वाईट वाटलं. पण काका, पाणी तर शून्य अंशाला गोठतं ना? मग ९ अंशाला तुळस कशी मेली? आणि समोरच्या बंगल्यातली तुळस रोज बाहेरच असते, तिला काहीच कसं झालं नाही?’

पत्र वाचून मी थक्कच झालो. वार, जागा, तापमान, शेजारच्या झाडाशी तुलना, सगळं पत्रात आहे. मोठी माणसंसुद्धा एवढं नीट लिहीत नाहीत. आणि प्रश्न तर असा अचूक, की त्यातच अर्धं उत्तर लपलंय. पाणी गोठलं नाही हे तिचं म्हणणं बरोबर आहे. तुळशीच्या पानात बर्फाचा एक कणही झाला नसणार. मग झालं काय?

त्यासाठी आधी तुमच्या घरातल्या तेलाच्या बाटल्यांकडे बघू या.

डिसेंबर-जानेवारीत पुण्यात सकाळी खोबरेल तेलाची बाटली उलटी केली तर थेंब पडत नाही. आई ती गरम पाण्यात धरते, नाहीतर उन्हात ठेवते. खोबरेल साधारण २४-२५ अंशांच्या खाली थिजतं. पण त्याच स्वयंपाकघरातलं शेंगदाण्याचं तेल त्याच सकाळी धो धो वाहतं. त्याला थिजवायचं तर फ्रिजमध्ये ठेवावं लागतं, तिथं ते हळूहळू गढूळ आणि दाट होतं. आणि करडईचं तेल? ते फ्रिजमध्येही वाहतंच. तिन्ही तेलंच, मग हा फरक कशामुळे?

तेलाचे रेणू म्हणजे लांबलचक साखळ्या असतात. खोबरेलातल्या बहुतेक साखळ्या सरळ असतात. सरळ काड्या आगपेटीत कशा एकमेकींना चिकटून नीट बसतात, तशा थोडा गारठा पडला की त्या शेजारी शेजारी रचल्या जातात. झालं, तेल थिजलं! करडईच्या तेलातल्या साखळ्यांना मात्र मध्येच बाक असतो. ज्या जागी दोन कार्बन अणूंमध्ये दुहेरी बंध असतो, तिथं साखळी वाकते. वाकड्या काड्या आगपेटीत भरून बघा, किती फटी राहतात! फटी राहिल्या की साखळ्या सरकत राहतात आणि तेल पातळ राहतं. पुस्तकात याला संपृक्त आणि असंपृक्त मेदाम्लं म्हणतात. परीक्षेत तसंच लिहा, पण डोक्यात मात्र आगपेटी ठेवा.

आता तुळशीच्या पानाकडे वळू. पान पेशींचं बनलेलं असतं हे तुम्हाला ठाऊक आहेच. प्रत्येक पेशीला बाहेरून एक टणक भिंत असते, ती पेशीभित्तिका. तिच्या आत एक अतिशय पातळ पडदा असतो, तो प्रद्रव्यपटल. हा पडदा इतका पातळ असतो की असे सव्वा लाख पडदे एकावर एक रचले तर जेमतेम एक मिलिमीटर जाडी होईल. हा पडदा बनतो कशाचा? बराचसा मेदाचाच! म्हणजे पेशीभोवती तेलाचा पापुद्रा असतो म्हणा ना. त्यात प्रथिनांची दारं बसवलेली असतात. कुठलं दार पाणी आत घेतं, कुठलं क्षार बाहेर टाकतं. पापुद्रा मऊ आणि सरकता असेल तरच ही दारं उघडतात, मिटतात.

थंडीत हा पापुद्रा थिजायला लागतो. पाणी गोठायच्या कितीतरी आधी! पावसाळ्यात लाकडी दार फुगून कसं अडकतं, तशी दारं अडकतात. काही ठिकाणी पापुद्र्याला फटी पडतात आणि आतलं बाहेर पाझरू लागतं.

पाझरून बिघडतं काय, तर तेही मजेदार आहे. पेशीच्या पोटात एक मोठी पिशवी असते, रिक्तिका. तुळशीसारख्या वनस्पती आपले कडवट-तुरट रस या पिशवीत बंद करून ठेवतात. त्या रसांना काळं करणारं विकर पिशवीच्या बाहेर असतं. दोघांची गाठ पडू नये म्हणून तर मध्ये पडदा! पडदा फाटला की दोघं भेटतात, हवेतला ऑक्सिजन मदतीला येतो आणि पान काळं पडतं. वांगं चिरून ठेवलं की काळं पडतं ना, त्याचं कारण हेच. फरक इतकाच, की वांग्याचे पडदे आपण सुरीनं फाडतो आणि तुळशीचे थंडीनं फाडले. फ्रिजमध्ये ठेवलेल्या केळ्याची सालही अशीच काळी होते. केळं काय, तुळस काय, दोघंही उष्ण प्रदेशातले रहिवासी. दहा-बारा अंशांच्या खाली उतरलं की त्यांचे हाल सुरू होतात.

म्हणजे आपल्या मैत्रिणीच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर मिळालं. तुळस गोठली नाही, थिजली.

तुम्ही म्हणाल, पण हडपसर म्हणजे काही शिवाजीनगर नव्हे. खरं आहे. हडपसर, मगरपट्टा या भागांत पारा शिवाजीनगरपेक्षा बऱ्याचदा वरच असतो. एकेकाळी मुठा उजव्या कालव्याच्या पाण्यावर तिथं भाजीपाल्याची शेतं होती. आता तिथं उंच इमारती आणि डांबरी रस्ते आहेत. दिवसभर तापलेलं सिमेंट रात्री हळूहळू ऊब सोडत राहतं. मग तुळशीला एवढी थंडी लागली कुठून?

आकाशातून!

विनोद नाही करत. हवामानखातं तापमान मोजतं ते जमिनीपासून चार-पाच फुटांवर, पांढऱ्या लाकडी पेटीत, छपराखाली. गच्चीवरच्या तुळशीला छप्पर नव्हतं. प्रत्येक वस्तू रात्री आपली ऊब किरणांच्या रूपानं बाहेर फेकत असते. वर ढग असतील, झाड असेल, पत्रा असेल, तर त्यातली बरीचशी परत मिळते. आकाश निरभ्र असेल आणि वारा पडलेला असेल, तर ती ऊब सरळ वर निघून जाते आणि पान आजूबाजूच्या हवेपेक्षाही दोन-चार अंशांनी थंड होतं. खोटं वाटत असेल तर हिवाळ्यात पहाटे उठून बघा. उघड्यावर लावलेल्या स्कूटरच्या सीटवर दव असतं आणि झाडाखालची स्कूटर कोरडी असते. महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी दव गोठून पांढरं झाल्याच्या बातम्या दर हिवाळ्यात येतात. हवेचं तापमान शून्याच्या वर असतानाही गवताच्या पात्यावर बर्फ दिसतो, तो याच कारणानं.

समोरच्या बंगल्यातली तुळस अंगणात असणार, भिंतीच्या आडोशाला. भिंत रात्री तिला थोडी ऊब देत असणार, आणि वरचं निम्मं आकाश झाकतही असणार. (पत्रात वृंदावनाची जागा लिहिलेली नाही. मैत्रिणी, जरा बघून कळव. मी अंदाजानं लिहितोय.)

पण हे निम्मं कारण झालं. उरलेलं निम्मं मला जास्त महत्त्वाचं वाटतं.

समोरची तुळस ऑक्टोबरपासून बाहेर होती. आधी रात्रीचा पारा वीसवर होता, मग अठरा, मग पंधरा, मग बारा. थंडी तिच्याकडे पायरी पायरीनं आली. तुझी तुळस मात्र ओट्याजवळ, कुकरच्या वाफेत आणि फोडणीच्या उबेत वाढली आणि एकदम गच्चीवर गेली. आपण माणसं थंडी पडली की पेटीतून स्वेटर काढतो. झाडाला तो विणावा लागतो! आणि विणायला वेळ लागतो.

हे विणकाम कसं चालतं ते ऐकण्यासारखं आहे.

हवा गार होऊ लागली की पेशीचा पडदा किंचित ताठर होतो. हा ताठरपणा हाच पेशीचा थर्मामीटर असावा, असं शास्त्रज्ञ मानतात. पडदा ताणला की त्यातली काही दारं उघडतात आणि बाहेरचं कॅल्शियम पेशीत शिरतं. ही झाली धोक्याची घंटा. घंटेचा निरोप केंद्रकापर्यंत जातो आणि तिथं एरवी मिटून ठेवलेली जनुकं उघडली जातात. १९९७ साली अमेरिकेतल्या मिशिगन राज्य विद्यापीठात मायकेल थोमाशो आणि त्यांच्या सहकाऱ्यांना मोहरीच्या कुळातल्या एका इवल्याशा रोपात असं एक मुकादम जनुक सापडलं. त्याला सी.बी.एफ. म्हणतात. मुकादम म्हणण्याचं कारण, हे स्वतः फारसं काम करत नाही, शंभरएक इतर जनुकांना कामाला लावतं. रोप थंडीत नेल्यावर पंधरा-वीस मिनिटांत हा मुकादम जागा होतो. आपल्याला तेवढ्या वेळात स्वेटरही सापडत नाही!

मग पेशीत एकच धांदल उडते. काही विकरं पडद्यातल्या सरळ साखळ्यांना दुहेरी बंध घालून बाक आणतात. म्हणजे पेशी आपल्या पडद्यातलं ‘खोबरेल’ काढून तिथं ‘करडई’ भरते. पडदा पुन्हा सरकता होतो. दुसरीकडे साठवलेल्या पिठुळ पदार्थाची, म्हणजे स्टार्चची, साखर केली जाते. हिवाळ्यातली गाजरं गोड का लागतात, ते आता सांगा बरं! बटाटे फ्रिजमध्ये ठेवून त्यांचे वेफर्स तळले की ते तांबडे-काळे होतात, त्याचंही कारण हेच. थंडीनं त्यांच्यात साखर वाढलेली असते आणि ती कढईत करपते.

साखर कशाला हवी? पाण्यात काही विरघळलेलं असलं की ते शून्याच्या खाली गोठतं, हे तुम्ही शाळेत शिकलात. म्हणून पुष्कळ पुस्तकांत सरळ लिहिलेलं असतं की ‘साखरेमुळे पेशी गोठत नाही’. पण हिशेब करून बघू. एक किलो पाण्यात ३४२ ग्रॅम साखर विरघळवली, म्हणजे चांगला दाट पाक केला, तर गोठणबिंदू खाली येतो फक्त १.८६ अंशांनी! लडाखमध्ये किंवा रशियात पारा उणे वीस-तीसपर्यंत उतरतो, तिथं एवढ्यानं काय भागणार? तर साखरेचं खरं काम वेगळंच आहे.

ज्या झाडांना बर्फाची सवय आहे, ती पेशीच्या आत बर्फ होऊच देत नाहीत. आत बर्फ झाला की त्याचे अणकुचीदार स्फटिक सगळं फाडून टाकतात, मग त्या पेशीला कोणी वाचवू शकत नाही. बर्फ होतो तो पेशींच्या मधल्या फटींत, कारण तिथलं पाणी जास्त शुद्ध असतं, म्हणून ते आधी गोठतं. हा बाहेरचा बर्फ पेशीतलं पाणी ओढून घेतो आणि पेशी सुकत जाते, मनुकेसारखी. म्हणजे बर्फात उभ्या झाडाचं खरं संकट थंडीइतकंच दुष्काळाचंही असतं! चहूकडे पाणी असून प्यायला थेंब नाही अशी गत. अशा वेळी साखरेचे रेणू सुकलेल्या पेशीत पाण्याची जागा घेतात, पडदे एकमेकांना चिकटू देत नाहीत, प्रथिनांचा आकार बिघडू देत नाहीत. सामान बांधताना काचेच्या भांड्यांमध्ये आई कागदाचे बोळे घालते, तसंच.

हे विणकाम पुरं झालं की काय चमत्कार होतो बघा. थंड देशात हिवाळ्याआधी पेरतात तो गहू उबेत वाढवून एकदम थंडीत ठेवला तर उणे पाच अंशांच्या आसपास मरतो. तोच गहू आधी काही आठवडे गार, पण न गोठवणाऱ्या हवेत ठेवला तर उणे वीसपर्यंत टिकतो. राय नावाचं धान्य तर उणे तीसपर्यंत! रोप तेच, जनुकं तीच. फरक फक्त मधल्या आठवड्यांचा. आणि एक गंमत. हा स्वेटर विणायला आठवडे लागतात, पण मध्येच उबदार दिवस आले की दोन-चार दिवसांत उसवतो. म्हणून भर हिवाळ्यात अवेळी ऊब आली की थंड देशांतल्या शेतकऱ्यांच्या पोटात गोळा येतो.

सगळ्याच झाडांना हे जमत नाही हेही सांगायला हवं. टोमॅटोतही तो सी.बी.एफ. मुकादम सापडतो, पण त्याच्या हाताखाली मजूर फार थोडे! तुळशीचंही विणकाम बेताचंच. तिला कितीही सवय लावली तरी ती हिमालयात टिकणार नाही. पुण्याच्या थंडीपुरती सवय मात्र तिला होऊ शकते.

आता आजीच्या शेकोट्यांकडे येऊ. आजीनं सहज बोललेलं ते वाक्य मला या पत्रातलं सगळ्यात मोलाचं वाटलं.

नाशिक जिल्ह्यातलं निफाड हे महाराष्ट्रातल्या सगळ्यात थंड ठिकाणांपैकी एक. तिथल्या कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला पारा थंडीत दर दोन दिवसांनी वर्तमानपत्रात येतो. पुण्यानंही एकेकाळी कमी थंडी बघितलेली नाही बरं का, १७ जानेवारी १९३५ ला पुण्यात १.७ अंशाची नोंद झाली होती! पण निफाडची गोष्ट वेगळी, कारण तिथं गव्हाशेजारीच द्राक्षाच्या बागा आहेत. एकाच रात्री, एकाच बांधाच्या एका बाजूला गहू खूश आणि दुसऱ्या बाजूला द्राक्षबागाईतदार डोक्याला हात लावून बसलेला!

तुम्ही विचाराल, द्राक्षं तर युरोपातही होतात. तिथं बर्फ पडतं, मग तिथल्या वेली कशा जगतात? अगदी बरोबर. तिथल्या वेलीचे डोळे हिवाळ्यात उणे पंधरा अंशांपर्यंतची थंडी सोसतात. आणि जात हीच, आपण खातो तीच! पण तिथं शरद ऋतूत दिवस लहान होऊ लागले की वेल पानं गाळते, हिरव्या काड्या तपकिरी आणि लाकडी होतात, डोळ्यांतलं पाणी कमी होतं, साखर वाढते, आणि वेल झोपी जाते. सगळं विणकाम आटोपून, पांघरूण घेऊन झोपते. उठते ती थेट वसंतात.

आपल्याकडे वेलीला अशी झोप लागत नाही. आपले शेतकरी कात्रीनं तिचं वेळापत्रक ठरवतात. एप्रिलमध्ये खरड छाटणी होते. ऑक्टोबरच्या सुमारास फळासाठी दुसरी छाटणी होते आणि डोळे एकदम फुटावेत म्हणून त्यांना औषधाची पेस्ट लावतात. म्हणजे युरोपातली वेल झोपायच्या तयारीला लागते, नेमकी तेव्हा आपली वेल कामाला जुंपलेली असते! डिसेंबर-जानेवारीत तिच्या अंगावर कोवळी पानं आणि वाढते घड असतात. जागी, भिजलेली, पाण्यानं भरलेली वेल. तिच्याकडे स्वेटर विणायला ना वेळ, ना सवड.

अशा वेळी पारा सात-आठच्या खाली गेला की पानांचं काम मंदावतं, मणी फुगायचे थांबतात, साखर भरायला उशीर लागतो. पहाटे कडाक्याची थंडी आणि दुपारी तीस अंश ऊन असं झालं की मण्यांना तडे जातात. कधी हिरव्या मण्यांवर गुलाबी छटा येते, त्याला शेतकरी ‘पिंक बेरी’ म्हणतात. चवीत फारसं बिघडत नाही, पण परदेशी जाणाऱ्या मालात ती चालत नाही आणि भाव पडतो. वर्षभराचा खर्च, सोसायटीचं कर्ज, मुलांच्या फिया, सगळं त्या घडांवर लटकलेलं असतं. म्हणून मग रात्री दोन-तीनला उठून बागेत जागोजाग शेकोट्या पेटवायच्या. पहाटे विहिरीचं पाणी सोडायचं, कारण खोल विहिरीचं पाणी हवेपेक्षा बरंच कोमट असतं आणि ते आपली ऊब मातीला, हवेला देतं. घडांना कागद गुंडाळायचे, म्हणजे प्रत्येक घडाला आपलं छोटं छप्पर.

पुष्कळांना वाटतं की धुराचं पांघरूण बागेला वाचवतं, म्हणून ओला पाला जाळतात. धूर भरपूर होतो, डोळे चुरचुरतात, पण ऊब अडवण्याचं काम धूर फारसं करत नाही. उपयोग होतो तो विस्तवाच्या उबेचा. ती ऊब वर चढताना हवा हलवते आणि वरची जरा कोमट हवा खाली मिसळते. तेव्हा सुकं लाकूड, लहान लहान शेकोट्या, आणि भरपूर ठिकाणी. आजीला विचार, त्यांच्याकडे कसं करायचे. मला वाटतं त्यांना हे माझ्यापेक्षा जास्त ठाऊक असेल.

आणि हो, या सगळ्याचा अभ्यास कुठं चालतो माहीत आहे? आपल्या मैत्रिणीच्या घरापासून अगदी जवळ! हडपसरहून सोलापूर रस्त्यानं थोडं पुढं गेलं की मांजरी लागते. तिथं १९९७ पासून राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र आहे. कधी शाळेची सहल काढायची असेल तर बाईंना सुचवून बघा. परवानगी मात्र आधी काढावी लागेल.

आता दोन गोष्टी घरी करून बघा.

बीट घ्या आणि त्याच्या दोन सारख्या चकत्या करा. नळाखाली धरून लाल पाणी यायचं थांबेपर्यंत धुवा. एक चकती बर्फाच्या कप्प्यात रात्रभर ठेवा, दुसरी फ्रिजमध्ये खाली ठेवा. सकाळी दोन पेल्यांत साधं पाणी घेऊन एकेकीत एकेक चकती टाका. पंधरा मिनिटांनी बघा कुठलं पाणी लालभडक होतं! बीटचा रंग रिक्तिकेच्या पिशवीत बंद असतो. पडदा शाबूत असेल तर तो आतच राहतो. म्हणजे तुम्हाला सूक्ष्मदर्शकाशिवाय पेशीचा पडदा फाटलेला दिसला. दुसरा प्रयोग तेलांचा. खोबरेल, शेंगदाणा आणि करडई, प्रत्येकी दोन चमचे छोट्या बाटल्यांत घालून रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा. सकाळी बाटल्या तिरक्या करून बघा. (तेल वाया घालवू नका, परत डब्यात ओता. नाहीतर तुमच्या आईचं मला पत्र येईल.)

आणि आता फक्त माझ्या हडपसरच्या मैत्रिणीसाठी.

तुझी चूक झाली का? थोडी झाली. कुंडी गच्चीवर नेलीस यात काही चुकलं नाही, तुळशीला ऊन हवंच. विसरलीस, तेवढंच. पण ऊन दाखवायला नेताना दुसऱ्या रात्री पारा घसरेल हे तुला कसं कळणार? आणि तुळस उबेत वाढल्यामुळे नाजूक झाली होती, हे तर घरातल्या मोठ्यांच्याही ध्यानात आलं नसतं. माझ्याही आलं नसतं, हे लिहायला बसेपर्यंत.

तुळस मेली असं अजून धरू नकोस. काळी झालेली पानं परत हिरवी होणार नाहीत, कारण फाटलेले पडदे सांधत नाहीत. पण शेंडा म्हणजे काही सगळं झाड नव्हे. बुंध्याजवळ, जमिनीपासून चार बोटं वर, नखानं साल हळूच खरवडून बघ. आत हिरवं आणि ओलसर दिसलं तर झाड जिवंत आहे. तपकिरी आणि कोरडं असेल तर थोडं खाली, आणखी एकदा बघ. हिरवं सापडलं तर काळा भाग धारदार कात्रीनं काढून टाक. कुंडी गॅलरीत भिंतीजवळ ठेव, ओट्याजवळ नको. पाणी सकाळी उशिरा, तेही बेतानं. पानं नसताना झाड पाणी पीत नाही, जास्त घातलंस तर मुळं कुजतील. खत आत्ता अजिबात नको.

वाळलेल्या मंजिऱ्या असतील तर त्या तळहातावर चोळ. मोहरीपेक्षाही बारीक काळं बी निघेल. ते कागदाच्या पुडीत बांधून ठेव. बियांमध्ये पाणी फारच कमी असतं, त्यामुळे आपल्या थंडीचं त्यांना काही वाटत नाही. फेब्रुवारीच्या शेवटी रात्री उबदार झाल्या की दुसऱ्या कुंडीत पेर. ती रोपंही आजीच्याच तुळशीची.

साल खरवडल्यावर आत काय दिसलं, ते मला लगेच कळव. नुसतं ‘हिरवं’ नको, जमिनीपासून किती बोटांवर हिरवं, तेही लिही. आणि समोरच्या बंगल्यातलं वृंदावन भिंतीपासून किती लांब आहे, तेही मोजून ये.